डहाणूचे आवाज

उर्दू माध्यमाच्या शाळेत संगीताचे नाव काढले की पहिला प्रश्न सुराचा नसतो, जायज-नाजायजचा असतो. आम्ही डहाणूत शिकवतो. काही मुले तलासरीकडून येतात. नववीच्या वर्गाला आम्ही एक प्रकल्प दिला. परिसरातले आवाज मोबाइलवर टिपायचे, संगणकावर जोडायचे आणि पाच मिनिटांची रचना करायची. दुसऱ्याच दिवशी काही पालक आले. ‘सर, तालीम द्या, बाजा नको,’ एक वालिद म्हणाले.

त्यांची काळजी समजण्यासारखी होती. वाद्यांविषयी उलेमांमध्ये शतकानुशतके मतभेद आहेत. दफ चालेल, बाकी वाद्ये नकोत, असे मानणारी घरे आमच्या मोहल्ल्यात बरीच आहेत. त्यांना मागासलेले म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच घरांतली मुले आमच्यासमोर बसतात. म्हणून आम्ही आधी स्वतः वाचायला बसलो.

वाचता वाचता नवव्या शतकातल्या बगदादपर्यंत पोचलो. तिथे बनू मूसा या तीन भावांनी पाण्याच्या जोरावर आपोआप वाजणाऱ्या वाद्याची रचना लिहून ठेवली होती. फिरत्या नळकांड्यावरचे खिळे सूर ठरवत. यंत्राकडून वाजवून घेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही, हे कळल्यावर मुलांचे डोळे चमकले. पुढे १९४४ मध्ये कैरोत हलीम अल-दब्ह या तरुणाने झार विधीतले स्त्रियांचे आवाज तारेच्या ध्वनिमुद्रकावर घेतले आणि रेडिओ केंद्रात त्यांचे मूळ स्वर गाळून नुसती गुंज उरवली. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी आगगाडीच्या आवाजांतून रचना केली ती १९४८ ची, म्हणजे चार वर्षांनंतरची.

आपल्याकडचा इतिहास तर आमच्याच रेल्वेमार्गाच्या दोन टोकांना सापडला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला. गीता साराभाई यांच्यासह काही भारतीयांनी तिथे काम केले. त्या फिती कित्येक वर्षे पडून होत्या. निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दुसऱ्या टोकाला, मुंबईत, चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि तालयंत्रावर दहा राग वाजवले. तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोत पुढे नावारूपाला आलेल्या नाचाच्या संगीताशी तिचे साम्य पाहून जगभरचे जाणकार चकित झाले. मधल्या स्थानकावर राहणाऱ्या आपल्याला याचा पत्ताही नव्हता.

पालकांना आम्ही हे सारे सांगितले आणि एक हमीही दिली, की पेटी नाही, तबला नाही. मुले फक्त ऐकायला शिकतील. ‘मग करा,’ ते म्हणाले.

मुले कामाला लागली. खाडीतल्या होड्यांची इंजिने, चिकूच्या खोक्यांवर ठोकले जाणारे खिळे, फुग्यांच्या कारखान्यातली घरघर, डहाणू रोड स्थानकातून धडधडत जाणारी मालगाडी, महामार्गावरचे ट्रक. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस मांडायचा ठरले, आणि तिथेच वाद पेटला. पहाट म्हटली की फजरची अजान आलीच. एक मुलगा म्हणाला, तीही आवाजच आहे. एक मुलगी उठून म्हणाली, ‘अजान बुलावा आहे. तिला कापून, उलटी करून, ट्रकच्या आवाजात मिसळणार का?’ वर्गात दोन तट पडले. आम्ही निकाल दिला नाही.

दरम्यान मुले तारपा टिपायला तलासरीजवळच्या एका पाड्यावर गेली. भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचे हे वाद्य. वाजवणारा नाकाने श्वास घेत राहतो आणि सूर तुटत नाही. वारली चित्रातला तो गोल नाच याच सुराभोवतीचा. वयस्क तारपावाल्या बाबांनी चहा पाजला, पण तारपा खाली उतरवला नाही. ‘भात कापल्यावर या. आमच्यासोबत नाचा, मग ऐका,’ ते म्हणाले. मुले हिरमुसली. परतीच्या वाटेवर तीच मुलगी म्हणाली, ‘बाबांनी जे सांगितले, तेच मी अजानबद्दल म्हणत होते.’

यावर कुणी वाद घातला नाही. आम्हाला वाटते, खरा अभ्यास तिथे झाला. यंत्राला सगळेच घेता येते. काय घ्यायचे आणि कुणाला विचारून घ्यायचे, हे यंत्र शिकवत नाही. आपल्या श्रद्धेचा मान ज्याला हवा आहे, त्याने शेजाऱ्याच्या श्रद्धेलाही ‘नुसता आवाज’ समजू नये. कौमच्या मुलांना आज संगणकाइतकीच ही तालीम हवी आहे.

रचना पुरी झाली. तारपा तिच्यात नाही. पहाटेच्या जागी होडीचे इंजिन हळूहळू विरते आणि काही क्षण काहीच वाजत नाही. पालकांना ऐकवली तेव्हा त्या शांततेत पुढच्या रांगेतल्या एका आजीने सवयीने डोक्यावर पदर घेतला.