खंडू आणि लिफ्ट

वीकेंडला काहीतरी लिहायचंच असा नियम मी स्वतःला घालून घेतलाय, आणि गेले तीन महिने डोक्यात एकच विषय आहे. तेव्हा आज कोड, डेडलाईन, अप्रेझल वगैरे काही नाही. आज फक्त खंडू.

खंडू हा माझ्या मामाचा कुत्रा. साताऱ्याकडच्या एका गावात उभं आयुष्य गेलं त्याचं. वय साधारण नऊ (डॉक्टरांचा अंदाज). मागच्या वर्षी मामा गेला आणि खंडू पुण्याला आमच्याकडे, चौथ्या मजल्यावर आला. आला तो थेट पलंगाखाली! कुकरची शिट्टी, मिक्सर, वॉचमनची काठी... सगळ्याचीच भीती. पण खरा प्रश्न होता लिफ्टचा. मागच्या पायांचे सांधे धरलेले, त्यामुळे डॉक्टरांनी जिने चढ-उतार बंद सांगितली. आणि लिफ्ट दिसली की हा थरथर कापायला लागायचा. वजन बावीस किलो. मी उचलून जिन्याने न्यायचो, पण मी कामासाठी बाहेरगावी गेलो की चौसष्ट वर्षांच्या आईने काय करायचं? मामाच्या घराला तर कुलूप. म्हणजे लिफ्ट जमली तरच खंडू आमच्याकडे राहणार, इतकं ते सरळ होतं.

सल्ल्यांना काय तोटा! शेजारचे काका म्हणाले, "अहो, त्याला दाखवून द्या घरात अल्फा कोण ते. ओढून आत घ्या, दोन दिवसांत सरळ होईल." ही अल्फा भानगड बंदिस्त लांडग्यांवरच्या 1947 च्या एका अभ्यासातून आलेली. ती लोकप्रिय करण्यात ज्यांच्या 1970 च्या पुस्तकाचा मोठा वाटा होता, त्या डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि पिल्लं, म्हणजे आपलं साधं कुटुंब. पण काकांना हे कोण सांगणार? मी "हो हो" म्हणालो आणि आईला चिकन उकडायला सांगितलं. मीठ नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते कुत्र्यांना विषारी असतं.

आमच्या लिफ्टला जुनं जाळीचं दार आहे. उघडं राहिलं की एक बाई "प्लीज क्लोज द डोअर" असं बोलत राहते. तर लिफ्टपासून इतक्या लांब बसायचं की खंडूला आवाज ऐकू येईल, पण तो खाऊ शकेल. हे फार महत्त्वाचं. खायला तयार नसेल तर समजायचं की आपण फार जवळ आलोय, गुपचूप मागे सरकायचं. आधी त्या बाईचा आवाज, मग लगेच नखाएवढा चिकनचा तुकडा. क्रम उलटा करायचा नाही, नाहीतर चिकन दिसलं की "आता काहीतरी वाईट होणार" असं कुत्रा शिकतो. पावलोव्हची घंटा शाळेत पाठ केली होती, तिचा उपयोग असा होईल असं वाटलं नव्हतं :)

आईची शंका रास्त होती. "अरे, घाबरल्यावर खाऊ दिलास तर तो आणखी घाबरेल ना?" पण भीती ही काही खाऊसाठी केलेली युक्ती नाही. दाढ दुखताना कुणी पाठीवरून हात फिरवला म्हणून आपली दाढ जास्त दुखत नाही.

दुसरा टप्पा वेगळा. आता त्याने स्वतःहून काही केलं तर बक्षीस. लिफ्टकडे नुसतं बघितलं, "छान!" आणि तुकडा. एक पाऊल पुढे, "छान!" आणि तुकडा. "छान" हा शब्द त्याच क्षणी यायला हवा, तुकडा सेकंदभर उशिरा आला तरी चालतो. डॉल्फिनना शिट्टी वाजवून शिकवायचे ते याच तत्त्वावर. आणि त्याला मागे फिरायचं असेल तर फिरू द्यायचं. पट्टा कायम सैल. माझ्या मते सगळ्यात जास्त काम याच गोष्टीने केलं. मागे जाता येतं हे कळल्यावर तो पुढे यायला लागला.

मधे सांध्यांची औषधंही सुरू झाली आणि स्वभावच जरा मोकळा झाला. म्हातारा कुत्रा घाबरट वाटत असेल तर आधी डॉक्टरांकडे न्या, बऱ्याचदा निम्मं दुखणंच असतं.

सहाव्या आठवड्यात पुढचे दोन पाय आत. नवव्यात चारही पाय, दार उघडंच. मग दार बंद, लगेच उघड. मग एकच मजला. अकराव्या आठवड्यात आई त्याला एकटी खाली घेऊन गेली आणि मला हैदराबादला फोन करून सांगितलं. मी मीटिंगमध्ये होतो, बाहेर येऊन पाच मिनिटं नुसता उभा राहिलो.

सगळं जमलंय असं नाही हं. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असेल तर आम्ही पुढच्या फेरीची वाट बघतो. फटाक्यांचं तर नावच नको, दिवाळीत खिडक्या बंद, पंखा फुल आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी.

या आठवड्यापासून कुकरची शिट्टी घेतलीये. आधी मोबाईलवर रेकॉर्ड करून, अगदी बारीक आवाजात. आई म्हणते, तोपर्यंत वरण पातेल्यात शिजवते.