चावरा पाहुणा

नातवाने नागपूरहून जर्बिल आणले. मूळचा मंगोलियाच्या कोरड्या माळरानातला हा उंदीरवर्गीय जीव. मुकुटबनला पोहोचला त्याच दिवशी नातवाच्या बोटाला कडकडून चावला. शेतात सोडून द्यावे, असे घरच्यांचे मत पडले. पिंजऱ्यात जन्मलेला जीव कपाशीच्या रानात घुबडाच्या स्वाधीन करायचा, ही जीवदया कशी? वरून येणारा हात त्याला ससाण्याची झडप वाटतो, म्हणून तो चावतो. (शेपटीला तर धरूच नये, तिची कातडी सोलून निघते.) मी तळहात पिंजऱ्याच्या तळाशी टेकवून त्यावर सूर्यफुलाच्या बिया ठेवी आणि स्तब्ध राही. त्याने भयाने मागचे पाय आपटले, की हात काढून घेई. बाराव्या दिवशी ते तळहातावर बसून बी सोलू लागले. नातू मात्र अजून दुरूनच पाहतो.