आर्द्रेचा लाल तारा

रोहिणखेडला गव्हाचं ओलित पुष्कळदा रात्रीच होतं. थ्री-फेज वीज येईल तेव्हा मोटर सुरू करायची, मग कितीही वाजलेले असोत. पौषातल्या अशा रात्री बांधावर उभ्या माणसाला मृगाचे चार पाय आणि पोटातला बाण स्वच्छ दिसतो. चार पायांतला एक तांबूस आहे, तो काक्षी. आर्द्रेची तारा म्हणून जाणकार बहुधा त्याच्याकडेच बोट दाखवतात.

शेजारची रोहिणीही तांबूस, पण ती राक्षसी तारा. सूर्याच्या जागी ठेवली तर बुधापर्यंतही पोचणार नाही. काक्षी महाराक्षसी. तो तिथे ठेवला तर पृथ्वी आणि मंगळ दोन्ही त्याच्या पोटात जातील. वस्तुमान सूर्याच्या पंधरा-वीसपट, आणि वय जेमतेम एक कोटी वर्षांच्या आसपास. एवढ्यातच त्याची अखेर जवळ आली आहे! सूर्याला हजार कोटी वर्षांचं आयुष्य मिळालं, कारण तो लहान आहे. वजन जितकं जास्त तितका गाभा दाबला जातो, तापतो, आणि हायड्रोजन भराभर संपतो. मग बाहेरचे थर फुगतात, साडेतीन हजार अंशांपर्यंत निवतात, म्हणून हा रंग. आत हेलियम जळतो, पुढे कार्बन, निऑन, ऑक्सिजन. दर टप्पा आधीच्याहून आखूड. शेवटचं सिलिकॉन काही दिवसांतच सरतं. उरतं लोखंड. त्याच्या मीलनातून ऊर्जा मिळत नाही, आणि आधार सुटलेला गाभा सेकंदाच्याही आत कोसळतो, आणि ताऱ्याचा स्फोट होतो.

२०१९च्या अखेरीस काक्षी एकाएकी मंदावला, फेब्रुवारी २०२०पर्यंत नेहमीच्या तेजाच्या निम्म्याहूनही खाली गेला. जगभर लोक रात्री गच्चीवर गेले. पण ती अखेर नव्हती. ताऱ्याने स्वतःच फेकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती. स्फोटाला अजून लाखभर वर्षंही लागू शकतील.

अंतर साडेपाचशे ते सातशे प्रकाशवर्षं. आज दिसणारा उजेड निघाला तो साधारण त्या काळात, जेव्हा रोहिणखेडच्याच घाटाच्या पायथ्याशी, १४३७मध्ये, बहमनी फौजेने खानदेशच्या नासीर खान फारूकीला हरवलं. गावातली १५८२ची मशीद तेव्हा कुणाच्या मनातही नव्हती.

स्फोट झाला की काक्षी काही आठवडे अर्ध्या चंद्राइतका तेजस्वी होईल, दिवसाही दिसेल. इतक्या दुरून आपल्याला धोका नाही. दोन-तीन वर्षांत तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होईल आणि मृग तीन पायांचा उरेल. पंचांगातली आर्द्रा मात्र तशीच राहील, कारण पेरणीवाले मोजतात ते सूर्याचं स्थान. २२ जूनच्या सुमारास सूर्य आर्द्रेत जातो, तेव्हा काक्षी सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो आणि वर ढग.

म्हणूनच माझी एक इच्छा आहे: तो स्फोट जूनमध्ये दिसू नये. कोसळत्या गाभ्यातून सुटलेले न्यूट्रिनो कण ढगांतून, मातीतून, पेरणाऱ्यांच्या अंगातूनही आधी निघून जातील, त्यांना ते जाणवायचेही नाहीत. उजेड तरी पौषात यावा, रोहिणखेडचं ओलित चालू असताना.