घंगाळ

आंबवड्याच्या घरातलं घंगाळ भावानं भंगारात घातलं. मला कळलं ते गणपतीला गेल्यावर. न्हाणीत त्याच्या जागी निळा प्लॅस्टिकचा टब. "तांब्याला भाव चांगला आला होता," म्हणाला. किती किलो भरलं तेही सांगत होता. मी तोंडावर पाणी मारत राहिलो.

त्या घंगाळात घरातलं प्रत्येक पोर न्हालं, पण मला दिसतात ते आजीचे पाय. आषाढ, भातलावणी. दिवस दिवस चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. आजी मेंदी वाटून थापायची आणि परत आवणात उतरायची. एका संध्याकाळी सरकारी नर्सबाई झुलता पूल ओलांडून आल्या, कुणाच्या तरी बाळंतपणाच्या चौकशीला. आजीचं चालणं बघून त्यांनी गरम पाणी मागितलं. पोटॅशियम परमँगनेटचे दोन खडे टाकले, पाणी जांभळं झालं. मग जमिनीवर बसून त्यांनी आजीचा पाय हातात घेतला.

आजीनं तो ओढून घेतला. "नगा शिवू बाई. पाप लागंल मला."

"पेत्रही असंच म्हणाला होता."

"त्यो कोन? तुमच्या गावचा?"

बाईंचं गाव म्हणजे केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. तिथं त्या वाढलेल्या. हसत हसत, बोटांच्या फटी पुसता पुसता त्यांनी सांगितलं. पकडून नेलं त्याच रात्री येशू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. आजीला ते पटेना. आमच्या गावात जिवा महालाची समाधी दाखवतात. प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांवरचा सय्यद बंडाचा वार अडवणारा तो. माणसानं धन्यासाठी जीव टाकावा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. धनी खाली बसून माणसाचे पाय चोळतो, हे उलटंच.

"आन् फितूर झाला त्याचं?"

"त्याचेही."

"ठावं नव्हतं त्याला?"

"माहीत होतं."

आजी गप्प. मग म्हणाली, "येडाच म्हनायचा."

रमाबाईंबद्दल मी पुढे वाचलं. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच नवरा, आणि १९२१ मध्ये मुलगी मनोरमा. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करत होत्या, ते अडाणी बाईलाही कळावं म्हणून साध्या बोलीत. छपाईलाही मुक्तीतल्याच बाया. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. एकेक माणूस सुटत गेलेल्या बाईनं, शेवटपर्यंत न सुटणाऱ्या मायेचा तो पाय धुण्याचा प्रसंग कोणत्या मनानं मराठीत उतरवला असेल? आजीला विचारायला हवं होतं. तिनंही तीन पोरं पुरली होती.

पण मला छळतं ते वेगळंच. बाई गेल्यावर आजीनं घंगाळ राखेनं घासलं. चिंच लावून पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा घासताना मी म्हणालो, "जांभळं गेलं की गं." ती काही बोलली नाही. बाईंना चहा दिलेला कानतुटका कप ओसरीच्या कोनाड्यात वेगळा असायचा. बाई आल्या की तो स्वतःच काढायच्या, चहा झाला की स्वतःच विसळून पालथा घालायच्या. आठवड्यातून दोनदा यायच्या, आजीच्या बेचक्या भरून येईपर्यंत. कपाचा अर्थ त्यांना कळत नसेल, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

भावावर मी धुमसत होतो. तो पलीकडे आकडे जुळवत बसलेला. ओसरीवर आलो तर कोनाड्यात कप होता. पालथाच. खाली पालीची अंडी. चिनीमातीला भंगारवाला काय देणार?

पिशवीत घातला तेव्हा वहिनी म्हणाली, "भावजी, तो कशाला? घरात चांगला सेट आहे की."