तपासण्या नॉर्मल, पण वजन वाढेना

अंगावरचं दूध पुरेना म्हणून लेकाला दुसऱ्या महिन्यात डब्याचं दूध सुरू केलं. पुढे उलट्या लागल्या, शी पातळ आणि चिकट, मधूनच रक्ताचे धागे. घरात कुणी म्हणे दृष्ट लागली, दवाखान्यात म्हणत इन्फेक्शन आहे. औषधं बदलली, लॅक्टोज नसलेली पावडरही देऊन झाली. वजन काही वाढेना.

मुलांच्या पोटविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी वजनाचा तक्ता पाहिला आणि नाव सांगितलं, एफपाईज. दुधातल्या प्रथिनामुळे आतड्याला सूज येते. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती काढली तरी प्रथिन राहतंच. शिवाय ही आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे होणारी नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे, त्यामुळे रक्ताच्या नि त्वचेच्या तपासणीत बहुधा काही सापडत नाही. दूध बंद केल्यावर बाळ सुधारतं का, यावरून निदानाला बळ मिळतं.

आम्ही प्रथिनाचे बारीक तुकडे केलेली खास पावडर आणली. ती महाग आहे, चवीला कडवट आहे, पण आठवडाभरात उलट्या थांबल्या.

खरी कसोटी घरातच होती. "म्हशीचं द्या, शेळीचं तर हलकं असतं," हा सल्ला रोजचा. या दुधांतली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती, की तीही चालत नाहीत. उष्टावणाला एका नातेवाईक बाईंनी कौतुकानं खिरीचा चमचा भरवला. दोनेक तासांनी उलट्यांवर उलट्या, चेहरा पांढराफटक, मान टाकलेली. अंगावर पुरळ नाही, धाप नाही. त्यामुळे ही अ‍ॅलर्जी आहे हे कुणाला पटेना. हॉस्पिटलात सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून डॉक्टरांनी लिहून दिलेली आणीबाणीची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलेली आहे आणि तिची एक प्रत माझ्या पर्समध्ये असते.

आपल्याकडे बाळाला पहिला घास मऊ भाताचा. या आजाराच्या काही मुलांना तांदूळही सोसत नाही, म्हणून नवा पदार्थ एका वेळी एकच, मध्ये काही दिवस सोडून. दुधाचा त्रास बहुतेक मुलांचा तीन ते पाच वर्षांपर्यंत जातो. तो गेला का हे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पाहायचं, घरी नाही.

तुमच्या बाळाला उलट्या-जुलाब होत असतील आणि वजनही वाढत नसेल, तर वजनाच्या नोंदींचं कार्ड घेऊन जा आणि डॉक्टरांना थेट विचारा, "हे दुधाच्या प्रथिनामुळे तर नसेल?" आणि त्यांनी सांगितल्याशिवाय अंगावरचं दूध तोडू नका.