कॅनॉट ओपन डिस्प्ले

आमच्या विहिरीवरच्या मोटरला मोबाईल स्टार्टर आहे. त्यात एक सिमकार्ड असतं. मी हिंजवडीतून त्या नंबरला फोन लावला की नेवासा तालुक्यातल्या आमच्या शेतात मोटर सुरू होते. पण मोटर सुरू झाली म्हणजे पाणी उसापर्यंत पोचलं असं नाही. मध्येच पाइप निसटलेला असतो, नाहीतर पाणी शेजाऱ्याच्या बांधात शिरलेलं असतं. ते बघायला अण्णांनाच जावं लागतं. हुकूम माझा, डोळे त्यांचे.

लिनक्सवर लांबून काम करताना हाच फरक आडवा येतो. शेल म्हणजे हुकूम सोडायची जागा: काळी खिडकी, अक्षरं, एंटर. डिस्प्ले म्हणजे बघायची जागा. दोन्ही एकाच इंटरनेटवरून येतात, पण शेल मिळालं म्हणून डिस्प्ले मिळतोच असं नाही. हे मला पाठ होतं. त्याचा अर्थ मात्र कळला तो गेल्या उन्हाळ्यात, घरच्या कॉम्प्युटरवर.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि आता आमच्या चारीवरच्या पाणीवापर संस्थेचं लिहिण्याचं काम बघतात. राहुरीजवळच्या मुळा धरणाची साठवण २६ टीएमसी. त्याच्या उजव्या कालव्यावर आमचा सगळा भाग जगतो. २००५ च्या कायद्यानं कालव्याचं पाणी वाटायचं काम शेतकऱ्यांच्या संस्थांकडे द्यायची सोय केली. म्हणजे आवर्तन सुटलं की कुणाला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी, याचं पाळीपत्रक संस्थेनं लावायचं. उन्हाळी आवर्तनात अर्धा तास इकडचा तिकडे झाला तर सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. अण्णांचं हे पत्रक लिब्रेऑफिसच्या एका फाइलमध्ये असतं आणि ती फाइल माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर. त्यावर मी झुबंटू टाकून दिलंय.

त्या कॉम्प्युटरवर लांबून शिरायला थोडी खटपट करावी लागते. गावातल्या इंटरनेटला स्वतःचा पत्ता नसतो. एकाच पत्त्यामागे कितीतरी घरं बसवलेली असतात. बाहेरून हाक मारली तर ती कुणाच्या दारात न्यायची हे ठरत नाही. म्हणून उलटा मार्ग काढलाय. घरचा कॉम्प्युटरच मी भाड्यानं घेतलेल्या एका छोट्या सर्व्हरला एसएसएचनं जोडून राहतो आणि मी त्याच जोडणीतून मागे घरात शिरतो.

एके रात्री साडेनऊला अण्णांचा फोन आला. संध्याकाळी वीज गेली होती, आता आली, कॉम्प्युटर चालू झाला, पण आत जाऊ देत नाही. सकाळी सहाला पाणी सुटणार होतं आणि पत्रक छापायचं राहिलं होतं.

"पासवर्ड बरोबर टाकतोय रे. स्क्रीन एकदा काळी होते आणि परत पासवर्डच मागते." मग जरा थांबून म्हणाले, "विसरलो की काय मी?"

सत्तरीकडे झुकलेल्या माणसाच्या त्या प्रश्नात पासवर्डपेक्षा बरंच काही असतं. मी म्हटलं, "अण्णा, थांबा, मी बघतो."

पहिलं उत्तर आलं 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. ऐकायला वाईट, पण ही बरी बातमी असते. 'टाइम्ड आऊट' म्हणजे हाकेला उत्तरच नाही. 'रिफ्यूज्ड' म्हणजे समोरचं यंत्र जागं आहे, फक्त त्या दारावर कुणी बसलेलं नाही. माझा भाड्याचा सर्व्हर जागा होता. घरची जोडणी अजून पोचली नव्हती. अण्णांना राउटरचा दिवा विचारला. लाल होता. पाच मिनिटांनी हिरवा झाला आणि मी आत शिरलो. शेल मिळालं.

मग एसएसएचला कॅपिटल एक्सचा पर्याय लावला, म्हणजे लिब्रेऑफिस घरी चालेल आणि त्याची खिडकी माझ्या लॅपटॉपवर उघडेल. उत्तर आलं: 'कॅनॉट ओपन डिस्प्ले'.

इथे थोडा इतिहास सांगतो. एसएसएच १९९५ चं. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात कुणीतरी नेटवर्कवर बसून लोकांचे पासवर्ड चोरत होतं, तेव्हा तिथल्याच तातू युलोनेन यांनी ते लिहिलं. खिडक्या दाखवणारी एक्स ही व्यवस्था त्याच्याही आधीची, १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेली. एक्सची एक गोष्ट नव्या माणसाला हमखास उलटी वाटते. आपण लांबच्या मोठ्या यंत्राला सर्व्हर म्हणतो. एक्समध्ये सर्व्हर तो, ज्याच्यासमोर स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस आहे. लांबचा प्रोग्रॅम हा नुसता विनंती करणारा: माझी खिडकी तुमच्या स्क्रीनवर काढाल का? त्या विनंतीसोबत एक गुपित आकडा दाखवावा लागतो. त्याला 'मॅजिक कुकी' असंच नाव आहे. वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये ती लिहिलेली असते.

मी एक आज्ञा अर्धी टाइप करून टॅब दाबला, तर शेल कुरकुरलं: डिस्कवर जागा नाही. मग सगळं जुळलं. डिस्क शंभर टक्के भरली होती. अण्णांनी लॉगिन केलं की नवी कुकी लिहायची असते. ती लिहिता येत नव्हती, म्हणून स्क्रीन काळी होऊन परत येत होती. माझी कुकीही त्याच फाइलमध्ये जायची, म्हणून मलाही डिस्प्ले मिळत नव्हता. आणि मी आत येऊ शकलो, कारण शेलला असं काही लिहून ठेवावं लागत नाही. वीज गेली नसती तर जुन्या कुकीवर सगळं चालत राहिलं असतं.

"अण्णा, तुमचा पासवर्ड बरोबर आहे. तुम्ही काही विसरला नाहीत." पलीकडून एक मोठा श्वास ऐकू आला.

जागा कशानं खाल्ली ते एका आज्ञेत कळलं. दुपारी अण्णांनी मोबाईलमधले सगळे व्हिडिओ कॉम्प्युटरवर ओतले होते. शेकडो फाइली, नावं नुसते आकडे. एक ओळ लिहिली असती तर पत्रक दोन मिनिटांत छापून झालं असतं. माझ्याकडे त्या यंत्राचे सगळे अधिकार होते. पण ते व्हिडिओ कसले आहेत हे दिसायला डिस्प्ले लागतो आणि तोच नव्हता. मी विचारलं.

"सप्ताहातली कीर्तनं आहेत बरीचशी. पण त्यातच तुझ्या आजीच्या ओव्या आहेत. कुठल्या ते बघितल्याशिवाय नाही सांगता येणार."

मी व्हिडिओंना हात लावला नाही. उतरवून ठेवलेली जुनी पॅकेजं साफ केली, सिस्टिमच्या जुन्या नोंदी छाटल्या. दोन-अडीच जीबी मोकळे झाले. कुकीला काही बाइट पुरतात. अण्णांनी पासवर्ड टाकला आणि डेस्कटॉप आला. सव्वादहाला प्रिंटरचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

शहरात गेलेली आमची पिढी घरी बहुतेक शेलमधूनच बोलते. गोळी घेतली का, मोटर बंद करा, ते ॲप काढून टाका. आज्ञा बिनचूक असतात आणि प्रेमापोटीच असतात. पण घरच्यांना समोर काय दिसतंय, हे आपल्याला दिसत नसतं. एक्स लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न कदाचित असा पाहिला नसेल, तरी त्यांनी ठरवलेला मान मला बरोबर वाटतो: स्क्रीनसमोर बसलेला तो सर्व्हर, लांबून बोलणारा तो विनंती करणारा.

पुढच्या सुट्टीत मी दोन कामं केली. अण्णांशेजारी बसून व्हिडिओ एकेक करून बघितले. ओव्यांचे चार निघाले, त्यांना नावं दिली आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवली. आणि त्यांची स्क्रीन मला दिसावी म्हणून एक्सइलेव्हनव्हीएनसी बसवलं. त्यात एक सोय आहे: मी जोडायला गेलो की त्यांच्यासमोर छोटी खिडकी येते आणि यस दाबल्याशिवाय मला काही दिसत नाही. अण्णा म्हणाले, "तुला कशाला विचारायला पाहिजे?" तरी ती सोय चालू ठेवली.

मागच्या महिन्यात त्यांनी एकदा नो दाबलं. मी कारण विचारलं नाही. अर्ध्या तासानं त्यांचाच फोन आला, "आता बघ."