खालची पट्टी

वकिलाने गावे, ही कल्पनाच मुळी लोकांना पटत नाही. ज्या गळ्याने सकाळी प्रतिपक्षावर आवाज चढवला, त्याच गळ्याने सायंकाळी अभंग म्हणावा यात त्यांना काहीतरी विसंगती वाटते. आमच्या एका अशिलाने आम्हांला देवळात पेटीवर बसलेले पाहून, ‘आज कोणाची बाजू?’ असे विचारले होते. आम्ही हसून वेळ मारून नेली. तोच प्रश्न पुढे एका निराळ्या जागी आमच्यासमोर येऊन उभा राहील, हे तेव्हा आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

आम्ही जन्माने पेडण्याचे. वकिली करतो ती डिचोलीस. पेडण्याच्या मुलाला सूर शोधायला दूर जावे लागत नाही. भगवतीच्या देवळातले भजन, दशावतारी नाटकाची जागरणे, चवथीच्या आरत्यांतले घुमट, पौषातल्या धालोंचा मांड, यांतून तो आपोआप कानांवर पडत राहतो. डिचोलीही त्या बाबतीत उणी नाही. ज्यांच्या नावाने कला अकादमी भजनस्पर्धा भरवते, ते मनोहरबुवा शिरगावकर आपल्या नावातच या तालुक्यातील गावाचे नाव घेऊन वावरले. अशा मुलखात राहून आम्ही पेटी शिकलो नसतो तरच नवल.

तर झाले असे की, आमच्या भजनी मंडळींपैकी एका उत्साही तरुणाने सुचवले, ‘देवळात काय, सगळेच गातात, आपण वृद्धाश्रमात जाऊ या.’ कल्पना सर्वांना आवडली. परोपकाराची कल्पना नेहमीच आवडते. तीत आपण देणारे असतो. एका रविवारी पखवाज, पेटी, झांजा आणि फळांच्या दोन करंड्या घेऊन मंडळी पेडण्याहून निघाली आणि कोलवाळचा पूल ओलांडून, म्हापसा, अस्नोडा करीत डिचोली तालुक्यातील त्या आश्रमात येऊन पोचली. आम्ही तेथे आधीच हजर होतो.

त्या दिवशी आम्ही गायलो फार चांगले, निदान आमच्या मते. पट्टी काळी चार; आमच्या बुवांचा आवाज तेथे तलवारीसारखा फिरतो. समोर पंचवीस-तीस वृद्ध स्त्रीपुरुष खुर्च्यांवर बसले होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले; पण ते असे, की जसा साक्षीदार दुसऱ्याची साक्ष ऐकतो. भैरवी झाली. टाळ्या पडल्या. फळे वाटली, छायाचित्र निघाले. आम्ही पेटीचा भाता मिटत होतो, तोच मागच्या रांगेतून एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत पुढे आले. तारुण्यात दशावतारी मेळ्याबरोबर मृदंग वाजवीत गावोगाव हिंडलेला हा माणूस. ते म्हणाले, ‘‘पट्टी मातशी सकयल घे रे, बाबा. आमच्या गळ्यांक आतां चड चडूंक जायना.’’

आम्ही चमकलो. त्यांना गायचे होते! ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आली नव्हती. भजन म्हणजे मैफल नव्हे. त्यात श्रोता असा कोणी नसतोच. बुवांनी चरण म्हणावा आणि सर्वांनी तो उचलावा, ही त्याची रीत. जन्मभर या माणसांनी देवळाच्या चौकात बसून तो चरण उचलला होता. आणि आम्ही त्यांना खुर्चीवर बसवून, त्यांचाच ठेवा त्यांना दुरून दाखवून परत नेत होतो.

पुढच्या महिन्यात पेटी पांढरी एकवर आली. बुवांना ती पट्टी पायांत घोटाळणाऱ्या धोतरासारखी वाटली. परंतु दुसऱ्याच अभंगाला समोरून आवाज येऊ लागला. तो थरथरत होता, मधेच तुटत होता, पण शब्द चुकत नव्हता. सकाळी काय खाल्ले ते ज्यांना आठवत नाही, त्यांना चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा चरण अखंड आठवतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. तरुणपणी पाठ झालेले गाणे स्मृतिभ्रंशातही पुष्कळदा टिकून राहते, असे वैद्यकातले जाणकारही सांगतात. पखवाज त्या मृदंगवाल्या आजोबांच्या पुढ्यात ठेवला. बोटे आखडली होती, तरी सम त्यांनी एकदाही सोडली नाही. बार्देशकडच्या एका ख्रिस्ती आजोबांनी घुमट मागून घेतले. मांडो आणि आरती या दोहोंना साथ करणारे हे वाद्य; २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा-वाद्य ठरवले. त्यांना आमचा अभंग येत नव्हता. ठेका मात्र कोणी शिकवावा लागला नाही.

व्हेर्दी या इटालियन संगीतकाराने मिलान शहरी वृद्ध गायक-वादकांसाठी एक घर बांधले. ते १९०२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, उघडले. तेथील रहिवासी उतारवयातही गातात, वाजवतात. पूर्वी हे वाचून आम्हांला वाटे, कलावंतांची गोष्ट वेगळी. आता वाटते, आमच्या गावांत ज्याने भजनात झांज धरली नाही असा म्हातारा शोधावाच लागेल.

परंतु, वाचकहो, आम्ही लिहावयास बसलो ते या आनंदासाठी नव्हे.

त्या दुसऱ्या खेपेस स्त्रियांच्या बाजूने एक आवाज स्वच्छ येत होता. आम्ही मान वर केली आणि आमची बोटे पेटीवर क्षणभर थांबली. ती बाई आमची अशील होती. काही वर्षांपूर्वी ती आमच्या कचेरीत आली होती. नवरा वारलेला, एकुलता मुलगा. गोव्याच्या नागरी कायद्याने घराचा अर्धा वाटा तिचा स्वतःचा होता, तोही तिला मुलाच्या नावे करून द्यायचा होता. दानपत्र आम्हीच लिहिले. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी केलेला २००७ चा कायदा आम्हांला पाठ होता. दान घेणाऱ्याने देणाऱ्याच्या मूलभूत गरजा भागवाव्यात अशी अट दानपत्रात असेल आणि ती मोडली गेली, तर २३व्या कलमाने ते दान रद्द करून घेता येते. अट घालण्याची गोष्ट आम्ही काढली होती. ती हसून म्हणाली, ‘‘पुता कडेन कोण शर्ती घालता?’’ त्या वाक्यातील माया आम्हांला इतकी गोड वाटली, की आम्ही ते कलम वगळून टाकले. वकिलाने अशिलाच्या मायेला मान दिला. तिच्या म्हातारपणाला दिला नाही.

अशा अटीवाचून २३व्या कलमाचा आधार मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, हा कायदा वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावा, असेही म्हटले. दोन्ही निकाल आम्ही त्या रात्री पुन्हा वाचले. एका ओळीने वाचले असते ते घर आता निकालांच्या पानांत शोधत होतो.

पुढच्या वेळी आम्ही तिच्याजवळ जाऊन बसलो. दान गेले तरी निर्वाहाचा अर्ज करता येतो, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते, हे सांगितले. त्या न्यायाधिकरणापुढे वकिलाने उभे राहू नये, असे १७व्या कलमाचे शब्द आहेत; काही उच्च न्यायालयांनी ही बंदी पुढे सैल केली, हेही सांगितले. आमचा आवाज सवयीने चढला असावा. तिने सारे शांतपणे ऐकले आणि मुलाविषयी चकार शब्द न काढता विचारले, ‘‘आज गवळण म्हणटले मरे?’’

आम्हांला कोर्टात अनेकदा निरुत्तर व्हावे लागले आहे. पण असे कधी नाही. तिने आम्हांला क्षमा केली असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हणणे ही आमच्या सोयीची लबाडी होईल. तिने आमच्यावर ठपका ठेवला नाही, एवढेच खरे; आणि अर्ज करायचा की नाही हे तिचे तिने ठरवायचे आहे. कोऱ्या अर्जाची प्रत आमच्या पेटीच्या खोक्यात असते. दर महिन्याला ती आश्रमात जाते आणि तशीच परत येते.

गाण्याने कोणाचे घर परत मिळत नाही, हे आम्ही जाणून आहोत. महिन्यातून दोन तास सूर धरला म्हणून आमच्या हातून राहिलेली ओळ लिहिली जाणार नाही. तरीही आम्ही जातो. त्या दोन तासांत ती कोणाची टाकलेली आई नसते, आणि आमच्या चुकीची खूणही नसते. बुवांचा चरण उचलणारी एक गायिका असते, आणि तिच्यावाचून तो चरण अपुरा राहतो.

हल्ली कोणी वृद्ध दानपत्र करावयास आले की आम्ही अटीचे कलम आधी लिहितो आणि मग तीनदा वाचून दाखवतो. बहुतेकजण तेच म्हणतात, मुलाला कसली अट! तेव्हा आम्ही वाद घालत नाही. आवाज खाली आणतो आणि चौथ्यांदा वाचतो.

येत्या रविवारी पुन्हा जायचे आहे. पेटीचा खालचा सा जरा अडकतो आहे. तो आधी दुरुस्त करून घेतला पाहिजे.